उभे राहताच हृदय का धडधडते? पॉट्स या आजाराची ओळख



पौर्णिमेला विहारात, शाळेत प्रार्थनेच्या वेळी, रेशनच्या दुकानात, बँकेत, तिकिटाच्या खिडकीपाशी आपण दिवसातून कितीतरी वेळा उभे राहतो. उभे राहणे हे काही श्रमाचे काम आहे असे आपल्याला कधी वाटत नाही. परंतु समाजात अशी काही माणसे आहेत, विशेषतः तरुण मुली व स्त्रिया, की ज्यांना नुसते उभे राहणे हेच जिना चढण्याइतके कष्टाचे होते. अंथरुणातून उठताच छातीत धडधड सुरू होते, डोके हलके होते, डोळ्यांपुढे अंधारी येते, हातपाय थरथरतात. पुन्हा आडवे झाले की थोड्याच वेळात बरे वाटू लागते. मग घरचे म्हणतात, 'झोपली की बरी असते, कामाच्या वेळीच हिला आजार आठवतो!' आणि इथूनच त्या व्यक्तीचे खरे हाल सुरू होतात.

या आजाराला वैद्यकशास्त्रात 'पॉस्चरल ऑर्थोस्टॅटिक टॅकिकार्डिया सिंड्रोम' असे लांबलचक नाव आहे. त्यातील इंग्रजी आद्याक्षरे घेऊन त्याला 'पॉट्स' म्हणतात. शरीराची स्थिती बदलून उभे राहिल्यावर हृदयाचे ठोके अवाजवी वाढणे आणि त्यासोबत त्रास होणे, असा त्याचा सरळ अर्थ. प्रस्तुत लेखक डॉक्टर नाही, बँकेतील कारकून आहे. जवळच्या नात्यात हा आजार असल्यामुळे डॉक्टरांकडून आणि वाचनातून जे समजले, ते समाजबांधवांच्या व विशेषतः विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे मांडीत आहे. हा लेख वाचून कोणी स्वतःच आपला डॉक्टर होऊ नये. मात्र डॉक्टरांकडे जाताना नेमके काय सांगायचे हे कळले, तरी या लेखाचा हेतू सफल होईल.

उभे राहिल्यावर शरीरात काय घडते?

आपण आडवे असतो तेव्हा हृदय, डोके व पाय जवळजवळ एका पातळीवर असतात. उभे राहताच गुरुत्वाकर्षणामुळे सुमारे ५०० ते ८०० मिलिलिटर रक्त खाली पोटाकडे व पायांकडे सरकते. म्हणजे अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त क्षणात जागा बदलते. तेवढे रक्त हृदयाकडे कमी परतते. हे असेच राहिले असते तर प्रत्येक माणूस उठता क्षणी भोवळ येऊन पडला असता.

तसे होत नाही, कारण मानेतील व हृदयाजवळील मोठ्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत दाब ओळखणारे सूक्ष्म संवेदक असतात. दाब उतरू लागल्याची खबर ते तत्काळ मेंदूकडे पाठवितात. मेंदू स्वायत्त मज्जासंस्थेमार्फत, म्हणजे आपल्या इच्छेवाचून चालणाऱ्या मज्जातंतूंच्या यंत्रणेमार्फत, पाय व पोटातील रक्तवाहिन्यांना आकुंचन पावण्याचा हुकूम देतो आणि हृदयाचा वेग थोडा वाढवितो. पोटऱ्यांचे स्नायू चालता-हलताना रक्त पिळून वर ढकलतात, ते वेगळेच. निरोगी माणसात या साऱ्याचा परिणाम म्हणून ठोके मिनिटाला साधारण १० ते २० ने वाढतात आणि स्थिर होतात. आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

पॉट्सच्या रुग्णात या साखळीत कुठेतरी बिघाड असतो. काहींच्या पायांतील रक्तवाहिन्या पुरेशा आकुंचन पावत नाहीत. काहींच्या शरीरात एकूण रक्तद्रवच कमी असतो. काहींमध्ये नॉरअ‍ॅड्रेनलिन हे उत्तेजक द्रव्य उभे राहताच प्रमाणाबाहेर वाढते. कित्येकांत ही कारणे एकत्र असतात. परिणाम मात्र एकच. खालून रक्त पुरेसे येत नाही, म्हणून जे आहे तेच पुनःपुन्हा फिरविण्यासाठी हृदय धावू लागते. हृदय येथे गुन्हेगार नाही, ते उणीव भरून काढण्याची धडपड करीत असते. ही गोष्ट नीट समजली म्हणजे पुढील सारे उपाय आपोआप समजतात.

धडधडीखेरीज थकवा, डोकेदुखी, मळमळ, हात गार पडणे, फार वेळ उभे राहिल्यास पाय लालसर-जांभळे होणे, लक्ष न लागणे, डोक्यात धुके साचल्यासारखे वाटणे ही लक्षणेही दिसतात. सकाळी, उन्हात, भरपेट जेवणानंतर आणि अनेक स्त्रियांत मासिक पाळीच्या सुमारास त्रास वाढतो.

हा आजार नवा आहे काय?

नाव नवे, पण त्रास जुना आहे. अमेरिकेतील यादवी युद्धात (१८६१ ते १८६५) अनेक सैनिकांना धडधड, चक्कर व थकवा यांचा त्रास होऊ लागला. जेकब डा कोस्टा या डॉक्टरांनी अशा सैनिकांचा अभ्यास करून १८७१ मध्ये त्यावर निबंध लिहिला. पुढे पहिल्या महायुद्धात इंग्लंडचे सर थॉमस लुईस यांनी अशाच सैनिकांची पाहणी केली, तेव्हा 'सैनिकाचे हृदय' हे नाव रूढ झाले. हे सगळे पॉट्सचेच रुग्ण होते असे म्हणता येणार नाही, पण वर्णन पुष्कळ जुळते. १९९३ मध्ये शॉन्डॉर्फ व लो या डॉक्टरांनी ठोके मोजून ठरविता येईल अशी व्याख्या मांडली आणि आजाराला आजचे नाव स्थिरपणे मिळाले. २०२० नंतर कोरोनातून उठलेल्या काही रुग्णांत हीच लक्षणे दिसल्याने जगभर याकडे अधिक लक्ष गेले.

हा आजार बहुधा १५ ते ५० या वयात दिसतो आणि रुग्णांत स्त्रियांचे प्रमाण फार मोठे असते. दर पाच रुग्णांत चार किंवा त्याहून अधिक स्त्रिया असतात. एखाद्या विषाणूच्या तापानंतर, शस्त्रक्रियेनंतर, बाळंतपणानंतर किंवा वयात येताना तो सुरू झाल्याचे अनेकदा आढळते. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, युद्धातील सैनिकाला हा त्रास झाला तेव्हा डॉक्टरांनी त्यावर निबंध लिहिले. घरातल्या मुलीला झाला की आपण त्याला नखरे म्हणतो.

कसे ओळखावे?

या आजाराची एक जमेची बाजू अशी की त्याची पहिली चाचणी फार साधी आहे. तिला एक खाट, एक घड्याळ आणि शक्य असल्यास रक्तदाब मोजण्याचे यंत्र पुरते. यंत्रात ठोकेही दिसतात. यंत्र नसेल तर मनगटावरील नाडी पूर्ण एक मिनिट मोजावी.

सकाळची वेळ चांगली. रुग्णाने दहा मिनिटे शांत पडून राहावे. मग ठोके व रक्तदाब लिहून घ्यावा. नंतर उठून न बोलता, न हलता उभे राहावे. उभे राहिल्यापासून १, ३, ५ आणि १० मिनिटांनी ठोके व रक्तदाब लिहावा. शेजारी दुसरे कोणीतरी उभे असलेच पाहिजे. घेरी येते असे वाटल्यास चाचणी तेथेच थांबवून रुग्णाला आडवे करावे.

दहा मिनिटांच्या आत ठोके मिनिटाला ३० किंवा त्याहून अधिक वाढून तसेच टिकून राहिले, १२ ते १९ वर्षे वयोगटात ही वाढ ४० किंवा अधिक असली, रक्तदाब मात्र फारसा उतरला नाही, वर सांगितलेली लक्षणे निदान तीन महिने चालू असली आणि त्याला दुसरे कारण सापडले नाही, तर डॉक्टर पॉट्सचे निदान करतात. वरचा रक्तदाब २० किंवा अधिकाने उतरत असेल तर तो वेगळा विकार होय. वृद्धांमध्ये व काही औषधे घेणाऱ्यांमध्ये तो दिसतो आणि त्याचे उपचारही वेगळे आहेत.

'दुसरे कारण सापडले नाही' हे शब्द महत्त्वाचे आहेत. आपल्याकडे उभे राहिल्यावर धडधडण्याचे सर्वांत नेहमीचे कारण रक्तक्षय हे असू शकते. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. म्हणजे निम्म्याहून अधिक! म्हणून पहिली तपासणी हिमोग्लोबिनची. त्यानंतर थायरॉइड, साखर, क्षार आणि हृदयाचा ई.सी.जी. जुलाब, उलट्या, अंगातील पाणी कमी होणे, दीर्घ काळ अंथरुणावर पडून राहणे, चालू असलेली औषधे यांचाही विचार डॉक्टर करतात. गरज वाटल्यास मोठ्या रुग्णालयात रुग्णाला फिरत्या टेबलावर बांधून उभे करण्याची 'टिल्ट टेबल' चाचणी करतात.

पुढील लक्षणे असल्यास मात्र घरी मोजमाप करीत बसू नये, लगेच रुग्णालय गाठावे. धावताना किंवा श्रम करताना बेशुद्ध पडणे, छातीत दुखणे, दम लागणे, बसल्या किंवा झोपल्या जागी एकाएकी धडधड सुरू होणे, काळी शौचास होणे, अतिरक्तस्राव होणे, किंवा घराण्यात तरुणपणी अकस्मात मृत्यू घडलेला असणे.

नखरे नव्हेत आणि बाधाही नव्हे

आमच्या नात्यातील एका मुलीची हकीकत येथे सांगणे उपयुक्त ठरेल. बारावीच्या वर्षी तिला ताप आला. ताप गेला, पण उठले की धडधड आणि चक्कर राहिली. एका दवाखान्यात ताकदीचे औषध मिळाले, दुसऱ्यात 'परीक्षेचे टेन्शन' असे सांगण्यात आले. शेजाऱ्यांनी 'पित्त' ठरविले. लग्नाच्या वयाची मुलगी, बाहेर बोभाटा नको, म्हणून पुढे कोणाला सांगायचे नाही असे ठरले. कोणीतरी दूरच्या गावच्या भगताचे नावही सुचविले. कॉलेज सुटण्याची वेळ आली.

शेवटी एका सरकारी रुग्णालयातील तरुण डॉक्टर बाईंनी तिला दहा मिनिटे झोपविले आणि मग उभे केले. झोपून ठोके ७२, उभे राहून आठव्या मिनिटाला १२०. रक्तदाब जवळजवळ तेवढाच. हिमोग्लोबिन व थायरॉइड ठीक. डॉक्टर बाईंनी ते आकडे तिच्या वडिलांसमोर ठेवले आणि म्हणाल्या, 'हे ठोके मुलगी ठरवून वाढवू शकत नाही.' वडील बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिले. त्या दिवसापासून घरातील भाषा बदलली. 'ऊठ, काम कर' ऐवजी 'आज ठोके किती?' असे विचारले जाऊ लागले. ती मुलगी पूर्ण बरी झाली असे नाही. पण ती पदवीधर झाली, आणि आजही स्वयंपाकाच्या ओट्यापाशी तिचे उंच स्टूल असते.

आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसे आहोत. अंगात येणे, बाहेरची बाधा, करणी या कल्पना आपण सोडल्या आहेत. परंतु 'नखरे' हाही एक अंधविश्वासच आहे. न तपासता ठरविलेले कोणतेही कारण हा अंधविश्वासच होय, मग ते भुताचे असो की स्वभावाचे. भगवान बुद्धांनी दुःख आहे, दुःखाला कारण आहे, ते दूर होऊ शकते आणि त्यासाठी मार्ग आहे, या क्रमाने विचार करायला शिकविले. चांगला वैद्यही याच क्रमाने चालतो. आधी त्रास मान्य करणे, मग त्याचे कारण मोजून शोधणे. पहिली पायरीच नाकारली तर पुढचा मार्ग कसा सापडणार?

दैनंदिन उपाय

या आजारावर एका गोळीत बरे करणारे औषध नाही. परंतु रोजच्या वागण्यातील बदलांनी पुष्कळ रुग्णांचा त्रास बराच कमी होतो.

पाणी : रक्तद्रव वाढविण्यासाठी दिवसभरात दोन ते तीन लिटर द्रवपदार्थ घ्यावेत. सकाळी उठण्यापूर्वी अंथरुणात बसूनच दोन पेले पाणी प्यावे आणि थोड्या वेळाने उठावे. पाण्याची बाटली कायम जवळ असावी. ताक, लिंबूसरबत, पेज, डाळीचे पाणी, जलसंजीवनी हे सारे चालते.

मीठ : नुसते पाणी शरीरात टिकत नाही, त्याला मीठ धरून ठेवते. सर्वसाधारण माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पॉट्सच्या रुग्णाला मात्र डॉक्टर अनेकदा उलट सल्ला देतात आणि एकूण मीठ १० ग्रॅमच्या आसपास नेण्यास सांगतात. सपाट चहाचा एक चमचा म्हणजे साधारण ५ ते ६ ग्रॅम मीठ. मात्र ज्यांना उच्च रक्तदाब, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार आहे त्यांना हेच मीठ घातक ठरेल. म्हणून डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय मीठ वाढवू नये आणि रुग्णाचे ताट पाहून घरातील इतरांनीही वाढवू नये. विनयपिटकाच्या महावग्गात औषधांचा जो खंड आहे त्यात समुद्रमीठ, काळे मीठ, सैंधव अशा मिठांना भिक्खूंसाठी औषध म्हणून अनुमती दिलेली आहे. मीठ औषधही असते, पण औषध म्हटले की मात्रा आलीच.

जेवण : पोटभर जेवले की रक्त पचनासाठी पोटाकडे जाते व धडधड वाढते. म्हणून दोन मोठ्या जेवणांऐवजी चार-पाच वेळा थोडे थोडे खावे. वर्षावासात किंवा पौर्णिमेला अष्टशील पाळणाऱ्या रुग्णाने आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. विपश्यनेच्या शिबिराला जाताना अर्जातच आजाराची माहिती द्यावी. मद्याने रक्तवाहिन्या सैल होऊन त्रास वाढतो. पाचवे शील पाळणाऱ्याला याविषयी वेगळे सांगायला नको.

उठण्याची रीत : झोपेतून एकदम उभे राहू नये. आधी कुशीवर वळावे, मग बसावे, पाय खाली सोडून घोटे हलवावेत आणि मिनिटभराने उठावे. भारतीय पद्धतीच्या शौचालयातून उठतानाही भिंतीचा आधार घेऊन सावकाश उठावे. खाटेच्या उशाकडील पायांखाली विटा ठेवून ती बाजू चार ते सहा इंच उंच केल्यास काहींना सकाळी उठणे सोपे जाते.

रांगेत उभे असताना : एकाच जागी खिळून उभे राहणे हे चालण्यापेक्षा जास्त त्रासदायक असते. टाचा वर-खाली कराव्यात, पायावर पाय आवळून मांड्यांचे स्नायू ताणावेत, मुठी घट्ट आवळाव्यात. यामुळे रक्त वर ढकलले जाते. अंधारी येऊ लागल्यास लाज न बाळगता सरळ उकिडवे बसावे किंवा आडवे होऊन पाय उंच करावेत. पडून डोके फुटण्यापेक्षा खाली बसणे केव्हाही शहाणपणाचे.

घट्ट मोजे : पायांच्या फुगलेल्या शिरांसाठी औषधाच्या दुकानात मिळतात तसे दाबाचे मोजे उपयोगी पडतात. गुडघ्यापर्यंतच्या मोज्यांपेक्षा कमरेपर्यंतचे अधिक चांगले, कारण रक्त पोटातही साचते. तेवढे जमत नसेल तर पोटपट्ट्याचाही उपयोग होतो. ते दिवसा घालावेत, रात्री काढावेत.

उष्णता : कढत पाण्याची आंघोळ टाळावी आणि स्टुलावर बसून आंघोळ करावी. उन्हात फार वेळ थांबू नये. भाजी निवडणे, पोळ्या लाटणे, इस्त्री ही कामे बसून करावीत. यात आळस नाही, शक्तीची बचत आहे.

व्यायाम : वीणेची तार

धडधडते म्हणून दिवसच्या दिवस झोपून राहणे हा स्वाभाविक पण घातक उपाय आहे. अंथरुणावर पडून राहिल्याने काही दिवसांतच रक्तद्रव घटतो, स्नायू ढिले पडतात आणि उभे राहणे आणखी कठीण होते. म्हणून व्यायाम हा उपचाराचा कणा मानला जातो. परंतु तो उभ्याने सुरू करायचा नाही. आधी आडवे किंवा बसून करण्याचे व्यायाम. सतरंजीवर पडून पाय उचलणे, गुडघे दुमडून कंबर उचलणे, बसून रबरी पट्टा ओढणे, सोय असल्यास पोहणे. पाच-दहा मिनिटांपासून आरंभ करून आठवड्यातून तीन-चार दिवस, हळूहळू २० ते ३० मिनिटांपर्यंत जावे. चालणे व उभ्याने व्यायाम काही आठवड्यांनंतर. पहिल्या महिन्यात फरक न दिसल्यास निराश होऊ नये. तीन महिने किंवा त्याहून अधिक काळ नेटाने केल्यावर गुण दिसतो.

येथे सोण या भिक्खूची कथा आठवते. चंक्रमण करून करून त्यांच्या पायांतून रक्त येऊ लागले, तरी मनाप्रमाणे प्रगती होईना. ते पूर्वी वीणा वाजवीत असत. तार फार ताणली किंवा फार ढिली सोडली तर वीणा वाजते काय, असे तथागतांनी त्यांना विचारले. पॉट्सच्या रुग्णाचा व्यायामही तसाच. विशेषतः कोरोनानंतर ज्यांना थोड्या श्रमानेही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंथरूण धरावे लागते, त्यांनी जोर करू नये. त्यांची तार आधी सैल करून घ्यावी आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच पुढे जावे.

औषधे

एवढ्याने भागले नाही तर डॉक्टर औषधे देतात. ठोके मंद करण्यासाठी अल्प प्रमाणात प्रोप्रॅनोलॉल किंवा आयव्हाब्रॅडिन, मीठ-पाणी शरीरात टिकविण्यासाठी फ्लुड्रोकॉर्टिसोन, रक्तवाहिन्या आवळण्यासाठी मिडोड्रिन ही त्यांपैकी काही होत. नावे येथे दिली ती चिठ्ठी वाचता यावी म्हणून, दुकानातून मागून आणावीत म्हणून नव्हे. प्रोप्रॅनोलॉल दम्याच्या रुग्णाला धोक्याचे आहे, आयव्हाब्रॅडिन गरोदरपणी चालत नाही. दुसऱ्या कोणाला लागू पडलेली गोळी आपण घेऊ नये आणि चालू असलेली गोळी मनाने बंदही करू नये.

हा आजार चिवट असला तरी त्याने आयुष्य घटते असे दिसून आलेले नाही. अनेकांचा, विशेषतः किशोरवयीन रुग्णांचा त्रास काही वर्षांत कमी होतो. काहींचा दीर्घ काळ राहतो. दोघांनाही पथ्य हाच आधार आहे.

विद्यार्थ्यांसाठी

विद्यार्थी मित्रांनो, असा त्रास तुम्हाला होत असेल तर तो लपवू नका. एक वही करा. तारीख, झोपून ठोके, उभे राहून ठोके, पाणी किती प्यालो, झोप किती, व्यायाम किती, त्रास कमी की जास्त, असे रकाने आखा. बँकेत ज्याप्रमाणे रोजचा जमाखर्च त्याच दिवशी लिहिला जातो त्याप्रमाणे रोज लिहा. डॉक्टरांसमोर पाच मिनिटे मिळतात. त्या पाच मिनिटांत वही तुमच्यापेक्षा नेमके बोलेल. वर्गशिक्षकांना डॉक्टरांचे पत्र दाखवून प्रार्थनेला बसण्याची व वर्गात पाण्याची बाटली ठेवण्याची परवानगी मागा. परीक्षेच्या बाबतीत शाळा-कॉलेजात आधीच अर्ज द्या, आयत्या वेळी नको. प्रयोगशाळेत उभे राहून काम असेल तर स्टूल मागा. मागण्यात कमीपणा नाही.

आजाऱ्याची सेवा

महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन स्वतःच्याच घाणीत पडला होता. त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते. स्वतः भगवान बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले आणि दोघांनी मिळून त्याला धुऊन स्वच्छ केले, उचलून खाटेवर ठेवले. त्यानंतर त्यांनी भिक्खुसंघाला बोलावून परस्परांची सेवा करण्याचा उपदेश केला. त्याच ठिकाणी सेवा करण्यास सोपा रुग्ण कोणता याचेही वर्णन आले आहे. तो हितकर असेल ते करतो, त्यात प्रमाण ओळखतो, औषध घेतो, वेदना सहन करतो आणि आजार वाढला, उतरला की तसाच आहे, हे सेवा करणाऱ्याला खरेखरे सांगतो. वर सुचविलेली वही म्हणजे हेच खरेखरे सांगणे होय. तसेच सेवा करणारा कसा असावा याचेही वर्णन तेथे आहे. त्याला औषध देता यावे, हित-अहित कळावे, त्याने लाभासाठी नव्हे तर मैत्रीने सेवा करावी, घाणीची किळस करू नये आणि रुग्णाचे मन उल्हसित ठेवावे.

म्हणजे रुग्णाने खरे सांगावे आणि ऐकणाऱ्याने ते मैत्रीने ऐकावे, अशी ही दोन्ही बाजूंची जबाबदारी आहे. पहिली बाजू दुसरीवर अवलंबून आहे. जेथे ऐकणारा 'नखरे' म्हणून हसतो, तेथे रुग्ण खरे सांगेनासा होतो.

आपल्या संस्थांना यात पुष्कळ करता येण्यासारखे आहे आणि त्याला फार खर्चही नाही. विहारात वंदनेच्या वेळी मागच्या बाजूला दहा खुर्च्या मांडाव्यात आणि ज्यांना गरज आहे त्यांनी बसून वंदना घ्यावी असे सूत्रसंचालकाने जाहीरपणे सांगावे. मिरवणुकीत पाण्यासोबत लिंबू-मीठ-साखरेचे सरबत ठेवावे. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जाणाऱ्या जथ्यात कोणाला उभे राहण्याचा त्रास आहे याची आधी चौकशी करावी, कारण ती रांग कित्येक तासांची असते. आरोग्य शिबिर घेताना रक्तदाबासोबत मुलींचे हिमोग्लोबिन तपासावे, आणि जिला चक्कर येते तिचे ठोके झोपून व उभे राहून असे दोन्ही वेळा मोजावेत. या एका मोजणीने एखाद्या मुलीचे शिक्षण वाचू शकते.

अखेरच्या वर्षांत मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने त्रस्त झालेल्या परमपूज्य बाबासाहेबांना काठीचा व सहकाऱ्यांच्या खांद्याचा आधार घ्यावा लागत असे. त्या आधाराने त्यांचे कार्य थांबले नाही, उलट चालू राहिले. आपल्या घरातील एखाद्या मुलीने उभे राहण्यासाठी असाच थोडा आधार मागितला, तर तो आपण द्यावा, आणि देण्यापूर्वी तिची परीक्षा घेऊ नये. परीक्षा घ्यायचीच असेल तर घड्याळ घेऊन तिची नाडी मोजावी.

नमो बुद्धाय! जयभीम!